‘लागेल’ आणि ‘लागतेय’

मंगळवारी संध्याकाळी ताईंनी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या ग्राहकाला एका ओळीचा ईमेल पाठवला: ‘वुई विल डिस्पॅच द मटेरियल ऑन थर्सडे.’ अर्ध्या तासात उत्तर आलं: ‘थँक्स. इज धिस कन्फर्म्ड?’ ताईंनी लिहिलं, ‘येस, वुई विल डिस्पॅच ऑन थर्सडे.’ पुन्हा उत्तर: ‘सो द ट्रक इज बुक्ड?’

ट्रक सोमवारीच बुक झाला होता. ड्रायव्हरचा मोबाइल नंबरसुद्धा ताईंच्या वहीत लिहिलेला होता. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हा ईमेलचा कागद त्यांनी टेबलावर जवळजवळ आपटलाच. “सर, एकच गोष्ट दोनदा लिहून दिली. आता काय स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ? या माणसाचा माझ्यावर विश्वासच नाही.”

त्यांचं नाव आणि कंपनी झाकायची म्हणून मी इथे नुसतं ताई म्हणतोय. वर्गातही मी त्यांना तसंच म्हणायचो. वय बेचाळीस. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच प्लॅनिंगचं काम. शिक्षण फलटण तालुक्यात, मराठी माध्यमातून, इंग्रजी पाचवीपासून. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २०००मध्ये. ताई त्याच्या बऱ्याच आधीच्या. साहेबांनी त्यांना ‘इंग्लिश इम्प्रूव्ह करा’ एवढंच सांगून माझ्याकडे पाठवलं होतं. असा निरोप घेऊन येणाऱ्या माणसाचं इंग्रजी बहुधा ठीक असतं. कुठेतरी एकच खिळा वर आलेला असतो आणि सगळ्यांचं बोट तिथेच कापत असतं.

मी त्यांना जुने ईमेल आणायला सांगितले. भाव, पार्ट नंबर, नावं काळी करून त्यांनी अकरा ईमेल आणले. मी त्यात एकच गोष्ट शोधली: पुढे घडणाऱ्या गोष्टीबद्दल त्या कशा बोलतात. विल डिस्पॅच. विल सेंड. विल रीच. विल बी अव्हेलेबल. जहाज कधी सुटणार, तर ‘द व्हेसल विल सेल ऑन संडे’. उद्या सुट्टी, तर ‘टुमारो विल बी हॉलिडे’. ग्राहकाने होकार दिल्यावर काय करणार, तर ‘वन्स यू विल अप्रूव्ह, वुई विल बुक’. हॉलिडेमागचं ‘अ’ गळणं आणि ‘वन्स’नंतरचं ‘विल’ सोडलं, तर व्याकरण तपासणाऱ्याला फारसं काही सापडलं नसतं. वाक्यं बरोबर होती, पण सगळी एकाच सुरात होती.

मी विचारलं, “भविष्यकाळ म्हटलं की विल, हे कुठून आलं?”

“शाळेतून. आय, वी ला शॅल. बाकी सगळ्यांना विल. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा. पाठ आहे अजून.”

ते बारा घरांचं कोष्टक मलाही पाठ आहे, आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकांना असेल. सोय म्हणून ते चांगलं आहे. गोंधळ असा की त्यात ‘भविष्यकाळ’ असं लिहिलेली एक स्वतंत्र ओळ आहे, त्यामुळे उद्याबद्दल बोलायचं झालं की माणूस डोळे मिटून त्याच ओळीत जातो. प्रत्यक्षात इंग्रजी क्रियापदाला भविष्याचा प्रत्ययच नाही. मराठीत ‘जा’चं ‘जाईन’ होतं, ‘गो’चं तसं काही होत नाही. जुन्या इंग्रजीत उद्याची गोष्ट सरळ वर्तमानकाळात सांगायचे. जर्मन माणूस आजही ‘मी उद्या येतो’ याच थाटात बोलतो. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणं, आणि ‘शॅल’चा देणं लागणं. आपल्याकडे कुणी वकिलाकडे जाऊन ‘विल केलं’ म्हणतो ना, त्यातलं विल हे त्याच घराण्यातलं: माझी इच्छा ही अशी. म्हणजे आपण ज्याला भविष्यकाळाचं चिन्ह म्हणून घोकलं, ते मुळात मनातल्या इच्छेचं क्रियापद. त्याचा वास अजून पुरता गेलेला नाही.

आणि ‘आय, वी ला शॅल’ हा नियम? त्याचा माग १६५३पर्यंत जातो. जॉन वॉलिस नावाच्या ऑक्सफर्डच्या गणिताच्या प्राध्यापकाने त्या वर्षी इंग्रजीचं व्याकरण छापलं, तेही लॅटिनमध्ये, आणि त्यात शॅल-विलची ही वाटणी लिहून ठेवली. दोन वर्षांनी याच माणसाने अनंतासाठी आडव्या आठाचं चिन्ह वापरलं. त्याचं ते चिन्ह जगभर टिकलं. शॅलचा नियम इंग्लंडातल्या बोलण्यातूनही बराचसा उडाला, पण फलटण तालुक्यात तीनशेहून जास्त वर्षांनी तो फळ्यावर लिहिला जात होता. ताईंना हे ऐकून हसू आलं. “म्हणजे आमच्या बाईंची चूक नाही.” नव्हतीच.

आता त्यांच्याच ट्रककडे येऊ. गुरुवारी माल निघणार, ही एकच घटना. इंग्रजी माणूस ती निदान चार तऱ्हांनी सांगू शकतो. ‘द ट्रक लीव्ज ऑन थर्सडे’ म्हटलं तर गुरुवार हा ठरलेला फेरा आहे, वेळापत्रकात छापल्यासारखा. ‘द ट्रक इज लीव्हिंग ऑन थर्सडे’ म्हटलं तर गाडी बोलून झालीय, कुणाशी तरी ठरलंय, डायरीत नोंद आहे. ‘वुई आर गोइंग टू सेंड इट ऑन थर्सडे’ म्हणजे आमचं मनात पक्कं आहे. गाडीचं अजून व्हायचं असेल किंवा झालंही असेल. आणि ‘वुई विल सेंड इट ऑन थर्सडे’ म्हणजे आत्ता, तुम्ही विचारलंत म्हणून, आम्ही शब्द देतोय किंवा अंदाज सांगतोय. वार चारही ठिकाणी तोच. बदलतं ते हे, की बोलणारा कशाच्या जोरावर बोलतोय.

कॉव्हेंट्रीचा माणूस नेमकं तेच विचारत होता. त्याला गुरुवार कळला होता. गुरुवार कशावर उभा आहे हे कळलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी न्हावा शेवा बंदरात त्या जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे माल पोचवायची शेवटची वेळ. गाडी चुकली तर कंटेनर पुढच्या जहाजावर, म्हणजे आठवडा गेला. अशा माणसाला ‘विल’ने पोट भरत नाही.

हे सगळं मी फळ्यावर काढून समजावलं. ताईंनी वहीत उतरवून घेतलं, मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यातला ईमेल घेऊन आल्या. त्यात होतं: ‘वुई विल डिस्पॅच ऑन वेन्सडे.’ शिक्षकाच्या पोटात खड्डा पडतो तो अशा वेळी. नियम समजणं आणि तो बोटांत उतरणं यात मोठं अंतर असतं, आणि फळ्यावरून ते ओलांडता येत नाही.

उतारा मिळाला तो फोनमुळे. शनिवारी सकाळी वर्ग चालू असताना ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. मी वर्गात फोन घेऊ देत नाही, पण डिस्पॅचच्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे डॉक्टरला नाही म्हणण्यासारखं आहे. ताई बोलल्या त्या अशा:

“हां दादा, सोमवारी गाडी लागतेय ना?”

पलीकडून जे आलं ते मलाही ऐकू आलं. “लागेल की मॅडम.”

“लागेल नको मला. लागतेय का ते सांगा. गाडीचा नंबर पाठवा, मग मी धरते.”

फोन ठेवल्यावर मी त्यांना म्हटलं, “आत्ता काय बोललात ते परत म्हणा.” त्यांना वाटलं फोन घेतला म्हणून रागावलो. मी म्हटलं, “लागेल का नको?”

“अहो, लागेल म्हणजे काही खरं नाही. लागेल म्हणजे बघू, मिळाली तर लावू. लागतेय म्हणजे गाडी सांगून ठेवलीय.”

“आणि तुम्ही कॉव्हेंट्रीला काय लिहिता?”

त्या दोन क्षण गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मी त्यांना रोज लागेल लिहिते.”

या प्रकरणात मी शिकवलेलं असं काही असेल तर ते एवढंच, की त्यांना हे आधीपासून येत होतं. भविष्याबद्दल वर्तमानकाळात बोलायला मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. आपण त्यातच राहतो. ‘उद्या मुलं येतायत.’ ‘शनिवारी लग्नाला चाललोय.’ ‘डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते’. १९३०पासून ती गाडी धावतेय आणि उद्या सकाळच्या गाडीबद्दल बोलतानाही ‘सुटेल’ म्हणावंसं वाटत नाही. इंग्रजीतही ‘लीव्ज ॲट सेव्हन फिफ्टीन’च. वेळापत्रक, पंचांग, सिनेमाचा खेळ, शाळा सुरू होण्याची तारीख: कुणी एकाने आज मनात आणून ठरवलेल्या नसलेल्या, आधीच लावून ठेवलेल्या गोष्टी दोन्ही भाषा साध्या वर्तमानकाळात सांगतात. जहाजाचं तेच. ‘द व्हेसल सेल्स ऑन संडे.’ ताईंनी ‘विल सेल’ लिहिलं तेव्हा जणू कप्तानाचा विचार चालू आहे असा थोडा भास होत होता.

दुसरी जोडी तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही अशी आहे. ‘येणार आहे’ आणि ‘ॲम गोइंग टू कम’. दोन्हींत शेपटीला किंवा डोक्याला वर्तमानकाळच बसलाय, ‘आहे’ आणि ‘ॲम’. गोष्ट उद्याची, पण तिचा बेत आज माझ्याजवळ आहे, म्हणून आजचं क्रियापद. शाळेत ‘मी जाणार आहे’चं भाषांतर ‘आय शॅल गो’ करून घेतलं जायचं, आणि तिथे हे सगळं पुसलं जायचं. चार रंगांच्या पेन्सिली असलेल्या मुलीला परीक्षेत फक्त निळी वापरायला लावलं तर पुढे ती निळीच वापरणार.

इथवर सरळ होतं. पण दोन्ही भाषा जुळ्या बहिणी आहेत असं सांगून मी ताईंना घरी पाठवलं असतं तर पुढच्या आठवड्यात त्या वेगळ्याच खड्ड्यात पडल्या असत्या. सगळ्यात फसवं आहे ते आपलं साधं ‘करते’. साहेबांनी विचारलं, पेपर कुठे आहेत? आपण म्हणतो, “थांबा, बघते.” फोनवर, “पाच मिनिटांत फोन करते.” कुणाच्या हातात जड पिशवी दिसली की, “द्या, मी घेतो.” रूपाने हा साधा वर्तमानकाळ, अर्थाने त्या क्षणी घेतलेला निर्णय किंवा दिलेला शब्द. इंग्रजीत या जागेवर साधा वर्तमानकाळ चालतच नाही. ‘आय चेक अँड कॉल यू’ हे आपल्याकडच्या कितीतरी ऑफिसांत रोज ऐकू येतं, ताईंच्या हाताखालचा मुलगाही तसंच बोलायचा. तिथे हवं ते विल, तेही अख्खं नाही, चिकटवलेलं: ‘आयल चेक. आयल कॉल यू इन फाइव्ह मिनिट्स.’

म्हणजे गंमत बघा. जिथे आपण ‘करते’ म्हणतो तिथे त्यांचं ‘विल’ लागतं, आणि जिथे आपण ‘करीन’ म्हणतो तिथे त्यांच्या ‘विल’च्या बरोबरीने ‘प्रॉबॅबली’ किंवा ‘आय थिंक’ लागतं. “फोन करीन हं” म्हणणाऱ्या नातेवाइकाचा फोन येतो का, हे वाचकांनी आपापल्या घरी आठवावं. ‘फोन करते’ म्हणणारी मात्र करते. मराठी -ईन, -एल यांच्यात ‘बघू या’ची एक झाक आहे, ती इंग्रजी विलमध्ये तेवढी नाही. आणि निरोप घेतानाच्या ‘येते हं’चं भाषांतर तर करूच नये. माझा एक जुना विद्यार्थी परदेशात जेवण करून निघताना ‘ओके, आय ॲम कमिंग’ म्हणाला होता. यजमानीणबाईंनी त्याच्यासाठी दार उघडंच ठेवलं.

ताईंसाठी मग मी फळा बंद केला आणि त्यांचीच डिस्पॅचची वही घेतली. पुढच्या आठवड्यातली प्रत्येक नोंद आधी त्यांनी ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलतात तशी मराठीत मोठ्याने म्हणायची, मग मी विचारायचो, “कशाच्या जोरावर?” उत्तर मिळाल्यावरच इंग्रजी. “सोमवारी गाडी लागतेय.” कशाच्या जोरावर? “नंबर आलाय.” मग ‘द ट्रक इज कमिंग ऑन मंडे’. “शुक्रवारी कट-ऑफ आहे.” कशाच्या? “शिपिंग लाइनचं शेड्यूल.” मग ‘द कट-ऑफ इज ऑन फ्रायडे’. “पॅलेट कमी पडतायत, आम्ही नवीन घेणार आहोत.” कशाच्या? “साहेब बोललेत, ऑर्डर अजून गेली नाही.” मग ‘वुई आर गोइंग टू बाय मोर पॅलेट्स’. “त्यांनी विचारलं तर फोटो पाठवते.” कशाच्या? “कशाच्या नाही, आत्ता म्हणतेय.” मग ‘आयल सेंड यू फोटोज’. तीन बैठकांनंतर मला विचारावं लागेनासं झालं. त्या स्वतःच पुटपुटायच्या.

‘वन्स यू विल अप्रूव्ह’ हा वेगळा गुंता, पण उगम तोच. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘वन्स’, ‘अंटिल’, ‘बिफोर’ यांच्या मागच्या अटीच्या तुकड्यात भविष्य असलं तरी क्रियापद वर्तमानकाळी ठेवतात: ‘वन्स यू अप्रूव्ह, वुई विल बुक.’ पुस्तकं हा नियम अपवादासारखा शिकवतात, आणि मुलं तो अपवादासारखाच विसरतात. मराठीत या जागेला दोन रस्ते आहेत. ‘तुम्ही अप्रूव्ह कराल तेव्हा बुक करीन’ हा एक, पुस्तकी; यातूनच ‘यू विल अप्रूव्ह’ जन्मतं. दुसरा बोलण्यातला: ‘तुम्ही अप्रूव्ह केलंत की बुक करते.’ या दुसऱ्या वाक्यात भविष्याचा एकही प्रत्यय नाही. पहिला तुकडा तर चक्क भूतकाळी रूपात आहे, आणि कुणालाच ते खटकत नाही. मी ताईंना एवढंच सांगितलं, “अटीचं वाक्य आलं की मनात ‘की’ म्हणा. ‘की’च्या अलीकडे विल नाही.” कंटेनर पोचला की, पैसे आले की, साहेबांनी सही केली की. हे एका दिवसात बसलं आणि पुन्हा बिघडलं नाही. बाकीच्याला दीड महिना लागला, यावरून शिक्षकाने स्वतःबद्दल काही मत बनवायचं असेल तर बनवावं.

मधल्या काळात एक पडझड झाली ती सांगितली पाहिजे. नवीन हत्यार हातात आलं की माणूस ते सगळीकडे चालवतो. जुलैत ताईंनी लिहिलं: ‘इट इज रेनिंग हेविली टुमारो, सो द ट्रक इज गेटिंग लेट.’ मराठीत ‘उद्या पाऊस पडतोय बघा’ आपण पैजेच्या आवाजात म्हणतो, चालतं. इंग्रजीत ‘इज रेनिंग टुमारो’ म्हटलं तर पाऊस कुणीतरी बुक करून ठेवल्यासारखा वाटतो. उद्याचा सूर्योदय पंचांगात आहे म्हणून ‘द सन राइझेस ॲट सिक्स ट्वेंटी टुमारो’ चालतं, पण ‘इज रायझिंग टुमारो’ नाही, कारण ती कुणाची भेटीची वेळ नाही. आभाळ भरून आलेलं दिसत असेल तर ‘इट्स गोइंग टू रेन’, आणि नुसता अंदाज असेल तर आपलं जुनं विल. ठरवाठरवीचा चालू वर्तमानकाळ फक्त माणसांनी ठरवलेल्या गोष्टींना.

आणि माणसांनी म्हणजे कुणी? त्याच आठवड्यात ताईंनी ग्राहकाला लिहिलं: ‘यू आर सेंडिंग द रिव्हाइज्ड ड्रॉइंग टुमारो.’ त्यांच्या मनात होतं, ‘उद्या तुम्ही ड्रॉइंग पाठवताय ना’. प्रश्नचिन्ह लिहायचं राहिलं, आणि त्याबरोबर तो ‘ना’ही गेला. कॉव्हेंट्रीहून दोन शब्दांचं उत्तर आलं: ‘ॲम आय?’

ताईंना ते उद्धट वाटलं. मला वाटतं माणूस चेष्टा करत होता, पण मुद्दा त्याचा बरोबर होता. स्वतःच्या बेताबद्दल ‘आय ॲम सेंडिंग’ म्हटलं की ती खात्री असते. दुसऱ्याच्या बेताबद्दल ‘यू आर सेंडिंग’ म्हटलं की तो हुकूम होतो. हट्टी पोराला आई ‘तू आत्ता झोपतोयस’ म्हणते, तो स्वर. इथेही मराठीचा आधार घेता आला. ‘पाठवताय का?’ म्हणजे बेत विचारणं: ‘आर यू सेंडिंग इट टुमारो?’ ‘पाठवाल का?’ म्हणजे विनंती: ‘विल यू सेंड इट टुमारो?’ किंवा आणखी मऊ, ‘कुड यू’. प्रश्नातला हा फरक मराठीत इतका चपखल आहे की मला आधी का सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

या प्रकरणावरून ‘विल वापरू नका’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चुकेल. ‘द ऑफिस विल बी क्लोज्ड ऑन फिफ्टीन्थ ऑगस्ट’ ही पाटी पुरेशी ठाम आहे. जाहीर सूचनेत, बातमीत, करारात विल भक्कम उभं राहतं. ते पोकळ ऐकू येतं ते दोन माणसांच्या रोजच्या व्यवहारात, जिथे समोरच्याला माहीत असतं की बोलणाऱ्याकडे याहून पक्का शब्द होता आणि त्याने तो वापरला नाही. आणि हेही कबूल करायला हवं की ‘कन्फर्म्ड?’ विचारण्यामागे नुसतं व्याकरण नसतं. गाडी न आल्यामुळे कधीतरी पोळलेला माणूस कुठल्याही काळात लिहिलं तरी विचारतो. ताईंचे साहेब तर सगळा दोष उच्चारांना देत होते.

सप्टेंबरच्या शेवटी त्या एकदा उशिरा आल्या, चेहरा उतरलेला. बुधवारी त्यांनी अगदी नेमकं लिहिलं होतं, ‘द ट्रक इज लीव्हिंग टुमारो मॉर्निंग’. नंबर आलेला, ड्रायव्हरशी बोलणं झालेलं. आणि गुरुवारी पहाटे ड्रायव्हर तापाने आडवा. “सर, मग मी खोटं बोलले का? त्यापेक्षा विल लिहिलं असतं तर बरं, अंगाशी तरी आलं नसतं.”

हा प्रश्न मला आवडला, कारण ‘विल’मागे लपण्याची सोय त्यांनी स्वतः ओळखली होती. खोटं नाही. बुधवारी ठरलेलं होतं हे बुधवारी खरंच होतं. वर्तमानकाळात सांगितलेलं भविष्य हे उद्याबद्दलचं वचन नसतं, आजच्या ठरावाची बातमी असते. आणि ठराव मोडला की दोन्ही भाषांत त्याची वेगळी जागा आहे: ‘गाडी आज निघणार होती, पण’. इंग्रजीत ‘वॉज लीव्हिंग’. वर्तमानातला बेत जसाच्या तसा एक पाऊल मागे नेऊन ठेवायचा. ‘वुई सेड वुई विल डिस्पॅच बट नॉट डिस्पॅच्ड’ असलं काही त्यांच्या जुन्या ईमेलमध्ये एकदा आलं होतं, ते वाचताना माफीनाम्यासारखं वाटायचं.

त्यांनी माझ्यासमोर बसूनच ईमेल लिहिला. मी एकही शब्द सांगितला नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही.

‘द ट्रक वॉज लीव्हिंग धिस मॉर्निंग, बट द ड्रायव्हर इज इल. अ सेकंड ट्रक इज कमिंग ॲट फोर. द कट-ऑफ इज टुमारो इव्हनिंग, सो वुई स्टिल हॅव टाइम. आयल कॉल यू व्हेन इट लीव्ज.’

शेवटच्या वाक्यात विल आहे, आणि तिथे तेच हवं, कारण ‘निघाली की फोन करते’ हा त्या क्षणी दिलेला शब्द आहे. त्याच वाक्याच्या शेपटीला ‘व्हेन इट लीव्ज’, विल नसलेलं. मी ते दोनदा वाचलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. त्यात ‘कन्फर्म्ड?’ नव्हतं. ‘थँक्स फॉर लेटिंग मी नो’ आणि खाली एक विनंती: दुसऱ्या गाडीचा नंबर पाठवता का?

ताईंनी पर्समधून फोन काढला. “दादा, चारला गाडी लागतेय म्हणालात, नंबर कुठाय?”